एकवीस नंबरची जागा

शनिवारची अर्धी पाळी संपवून शीतल चारकोपला आपल्या सोसायटीत शिरली, तेव्हा नवरा आणि लेक जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मितूच्या डोक्यावर हेल्मेट होतं, गुडघ्यांना पॅड होते, पायात बूट होते. सायकल तेवढी नव्हती.

"सायकल कुठाय?" शीतलने विचारलं.

"पकडून नेली," मितू म्हणाली. "धोंडूमामांनी. आणि पप्पा त्यांना सॉरी म्हणाले."

किरणने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "अगं, नवीन नियम आलाय. पार्किंगमध्ये खेळायचं नाही. बोर्ड लावलाय बघ. म्हटलं कशाला वाद, आज वरच खेळू."

बोर्ड खरंच लागला होता. लिफ्टशेजारच्या भिंतीवर, निळ्यावर पांढरी अक्षरं: आवारात मुलांना खेळण्यास सक्त मनाई. खाली सही, सेक्रेटरी. काल संध्याकाळपर्यंत तिथे नुसती भिंत होती.

शीतलने खांद्यावरची पिशवी किरणच्या मांडीवर ठेवली आणि ती तडक गेटपाशी गेली. वॉचमन धोंडूमामा खुर्चीवर बसून बिडीचं पाकीट चाचपत होते. तिला येताना पाहिलं आणि त्यांनी पाकीट खिशात सरकवलं.

"मामा, पोरीची सायकल द्या."

"माका सांगितल्यानी तां मी केलंय, वैनी. सायकल मीटररूमात आसा, खंय जाऊची नाय."

"तुम्हाला मी काही म्हणत नाही. चावी द्या."

धोंडूमामांनी एकदा पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चावी काढून टेबलावर ठेवली. हातात दिली नाही. नुसती ठेवली आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.

सायकल घेऊन ती मितूजवळ आली. गुलाबी रंगाची, मागच्या चाकाला आधाराची दोन छोटी चाकं लावलेली सायकल. मितूच्या पाचव्या वाढदिवसाला घेतलेली. आठवडाभर शीतलची आणि मितूची गाठ म्हणजे रात्री जेवताना आणि सकाळी वेण्या घालताना. बोरिवलीच्या डायलिसिस सेंटरमध्ये शीतल टेक्निशियन होती. मशीनला जोडलेल्या माणसाला अर्ध्यावर सोडून कुणी घरी निघत नाही, त्यामुळे सुटायची वेळ कधी ठरलेली नसे. शनिवारची दुपार आणि रविवार एवढाच काय तो आई-लेकीचा. त्यात बाग म्हणजे मोठा रस्ता ओलांडून पलीकडे, आणि तिथे सुट्टीच्या दिवशी एका झोपाळ्याला वीस पोरांची रांग. म्हणून ही सायकल, आणि म्हणून हे पार्किंग.

"किरण, हिला घेऊन वर जा. मी आले."

"शीतल, नको ना. जेवून घे आधी."

पण ती पहिल्या मजल्याचं दार वाजवत होती.

सेक्रेटरी बळवंत चुरी नुकतेच जेवून उठले होते. दाराशीच उभे राहून दातातलं काढत ते म्हणाले, "बोला, खिल्लारे मॅडम."

"काका, तो बोर्ड."

"हां. कमिटीने ठरवलंय. मागच्या आठवड्यात कुणाच्या तरी पोराने बाराव्या नंबरच्या गाडीला ओरखडा काढला. उद्या कुणी पोर गाडीखाली आलं, तर जबाबदार कोण? आम्ही."

"सुट्टीच्या दिवशी सकाळी एक तास मोकळा ठेवू. पालक उभे राहतील. मी स्वतः उभी राहीन."

"नियमाला अपवाद केला की नियम उरत नाही." चुरी हसले. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत काढल्यावर जमतं तसं, ओठांनी नाही म्हणणारं आणि गालांनी हसणारं हसू. "शिवाय राग मानू नका, पण तुमच्याकडची मुलगी जरा जास्तच ओरडते. आमच्या दुपारच्या झोपेचं खोबरं होतं. जिथे वाढलो तिथले संस्कार असतात, मी समजू शकतो. पण ही सोसायटी आहे."

शीतल वाढली होती घाटकोपरला, डोंगरउतारावरच्या वस्तीत. तिथे दोन घरांच्या मधली बोळ म्हणजेच मैदान, आणि ओरडल्याशिवाय वरच्या पोराला खाली चेंडू कुठे गेला ते कळत नसे. हे तिने चुरींना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी मात्र अंदाज बांधून ठेवला होता. तरी तिने आवाज खालीच ठेवला.

"सायकल आणि खेळ वेगळे, काका. सायकल वाहन आहे. पार्किंग वाहनांसाठीच असतं ना?"

"अहो, मग आपल्या पार्किंगमध्ये उभी करा की," चुरी म्हणाले. "तुमच्या जागेत तुम्ही हत्ती बांधा. कोण अडवतंय?"

आणि दार लागलं.

जिना चढता चढता शीतल मधल्या वळणावर थांबली. आमची जागा. आम्हाला पण जागा आहे की.

गेल्या वर्षी सगळ्या सभासदांसमोर चिठ्ठ्या टाकून पार्किंगच्या जागा वाटल्या होत्या. खिल्लाऱ्यांच्या नावाने एकवीस नंबर निघाला होता, जांभळाच्या झाडाजवळचा, कोपऱ्यातला, सगळ्यांत ऐसपैस. त्यांच्याकडे गाडी नव्हती. त्याच संध्याकाळी चुरी पेढे घेऊन वर आले होते. म्हणाले होते, किरणराव, तुमची गाडी येईपर्यंत आमची दुसरी लावतो तिथे, लेकीची आहे, ती गेली कॅनडाला. किरण म्हणाला होता, लावा की काका, त्यात काय विचारायचं. तेव्हापासून ती लाल गाडी एकवीस नंबरवर उभी होती, आणि ती जागा आपली आहे हे घरातली सगळी विसरली होती. बोलता बोलता चुरीसुद्धा विसरले होते.

घरी आल्यावर तिने किरणला हे सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला.

"तू त्यांना गाडी काढायला सांगणार?"

"जागा आपली आहे."

"आपली आहे गं. पण रोज तोंड बघायचंय त्यांचं. पाण्याचं, लिफ्टचं, सगळं त्यांच्या हातात. आपण इथे नवीन आहोत."

"सहा वर्षं झाली, किरण. नवीन कधीपर्यंत राहायचं?"

किरण मितूसाठी वरण-भात कालवत होता. भात कधीच गिळगिळीत झाला होता, तरी तो कालवतच राहिला. तो मूळचा वसमतकडचा. वडील गावात दुसऱ्यांच्या शेतावर राबलेले. हा शिकून वीज कंपनीत ज्युनिअर इंजिनिअर झाला, मुंबईत फ्लॅट घेणारा त्यांच्या खानदानातला पहिला. या इमारतीत त्याने कधी मोठ्याने गाणं लावलं नव्हतं. जिन्यात कुणी भेटलं तर तो आधी भिंतीला लागून वाट द्यायचा. शीतलला ते दिसत होतं, आणि त्याचं वाईटही वाटायचं. पण आज मितूच्या देखत तो सॉरी म्हणाला होता, ते तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं.

तिने चुरींना मेसेज टाकला: काका, उद्या सकाळपासून एकवीस नंबरची जागा आम्हाला लागेल. कृपया गाडी हलवावी. धन्यवाद.

पाच मिनिटांत उलट फोन आला. "अरे वा, गाडी घेतली? पेढे कुठेत?"

"घेतली ना. चारचाकी आहे."

"कुठली?"

"उद्या बघालच," म्हणून तिने फोन ठेवला. शेजारी उभ्या मितूला काही समजलं नव्हतं, तरी आई हसतेय म्हणून तीही हसली.

रविवारी सकाळी लाल गाडी जागच्या जागी होती. शीतलने गॅलरीतून पाहिलं आणि ती पोहे करायला लागली. तिला ठाऊक होतं, रविवारी चुरी नवरा-बायको मासळी आणायला जातात, आणि बाजारात मोठी गाडी शिरत नाही म्हणून लालच काढतात. पोह्यांवर कोथिंबीर पडते न पडते तोच खाली इंजिन सुरू झालं.

"मितू, चप्पल घाल."

तिने चटई घेतली, पोह्यांचा डबा घेतला, पाण्याची बाटली, रंगीत खडूंचं खोकं आणि सायकल. किरण दात घासत बाथरूमच्या दारात आला आणि फेसाच्या तोंडाने काहीतरी म्हणाला. ते काय ते ऐकायला ती थांबली नाही.

जांभळाच्या झाडाखाली एकवीस नंबरचा पिवळा चौकोन मोकळा पडला होता. गाडीच्या जागी तेलाचे दोन डाग होते आणि वाळलेली पानं. मितूने चौकोनाच्या कडेने सायकलचा एक फेरा मारला, मग दुसरा. तिसऱ्या फेऱ्यात तिला कळलं, की इथे कुणी हटकत नाहीय, आणि तिने मोठ्याने घंटी वाजवली. शीतलने कधी नव्हे ते "हळू" म्हटलं नाही. मग दोघी खाली बसल्या आणि खडूने घर काढायला लागल्या. मितूने घराला सहा खिडक्या काढल्या आणि दार काढायची ती विसरली. शीतल पोहे खात तिला म्हणाली, "अगं, आत कसं जायचं?" मितू म्हणाली, "आपण आतच आहोत."

तेवढ्यात गेटमधून लाल गाडी वळली.

चुरींनी चौकोनाच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि हॉर्न दिला. शीतल उठली नाही. त्यांनी परत हॉर्न दिला, लांबलचक. वरच्या गॅलऱ्यांतून एकेक डोकं बाहेर आलं. चुरींनी काच खाली केली.

"मॅडम, बाजूला व्हा."

"का, काका?"

"का म्हणजे? गाडी लावायचीय."

"ही आमची जागा आहे. काल मेसेज केला होता."

"तुमची गाडी कुठाय?"

शीतलने सायकलकडे बोट दाखवलं. "ही काय. चार चाकं आहेत, मोजून घ्या."

वरून कुणीतरी फस्सकन हसलं. ते हसू चुरींच्या वर्मी लागलं. ते गाडीतून उतरले. "चेष्टा चाललीय? सोसायटीच्या आवारात चटई टाकून खायला ही काय चौपाटी आहे? इथे खेळायला मनाई आहे. बोर्ड वाचता येतो ना?"

"वाचता येतो. बोर्ड आवाराचा आहे. ही जागा आमच्या नावावर आहे. तुम्हीच म्हणालात, हत्ती बांधा."

"मी बोलण्याच्या ओघात म्हणालो."

"आणि मी ओघातच ऐकलं."

सुलक्षणाकाकू, म्हणजे चुरींची बायको, गाडीच्या दुसऱ्या दारातून उतरली. हातात मासळीची पिशवी, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमचं चालू द्या. माझे बोंबील नरम पडतील." शीतलकडे तिने पाहिलं नाही, पण मितूच्या चित्रावर पाय पडू नये म्हणून ती वळसा घालून गेली.

चुरी परत गाडीत बसले. त्यांनी इंजिन बंद केलं नाही. गाडीचं नाक त्यांनी पिवळ्या रेषेला आणून टेकवलं आणि तिथेच थांबले, घरघर चालू ठेवून. बंपर चटईपासून हातभर अंतरावर होता. शीतलने मितूला ओढून आपल्या पाठीमागे घेतलं आणि स्वतः गाडीच्या समोर मांडी ठोकून बसली. आपण करतोय हे बरोबर की चूक, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं, की आज उठलो, तर मितूला उठायची सवय लागेल.

"इंजिन बंद करा, काका. पोरीच्या तोंडात धूर जातोय."

"मग पोरीला वर न्या."

पायजम्यावर शर्ट अडकवून किरण खाली आला तो या वेळी. त्याने गाडी पाहिली, बायको पाहिली, गॅलऱ्या पाहिल्या. चुरींना हायसं वाटलं. "किरणराव, तुम्ही समजूतदार आहात. सांगा यांना."

किरण शीतलच्या जवळ वाकून हळूच म्हणाला, "वर चल. आपण शांतपणे बोलू. सगळे बघतायत."

"बघू देत."

"शीतल, प्लीज."

"तुला लाज वाटत असेल तर तू वर जा," ती म्हणाली. हळू म्हणायचं होतं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. किरणचं तोंड एवढंसं झालं. तो खरंच वर निघून गेला. त्याची पाठ जिन्यात दिसेनाशी झाली, तेव्हा शीतलला एकदम रडू आल्यासारखं झालं. ते तिने पोह्यांच्या घासाबरोबर गिळलं. घास गार झाला होता.

ऊन झाडावरून खाली उतरायला लागलं. चुरी गाडीत बसून फोनवर कुणाशी तरी बोलत होते, काचेआडून हातवारे करत. कुणी खाली आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची नमिता, जिचा कृणाल मितूच्याच शाळेत होता, गॅलरीत उभी होती. शीतलने तिच्याकडे पाहिलं, तर ती कपडे वाळत घालायला लागली. दोरीवर आधीच कपडे होते.

मग मितूने तिच्या पाठीला बोट टोचलं.

"मम्मी, शू आली."

शीतलने डोळे मिटले. सगळ्याचा विचार केला होता, याचा नाही.

"थोडा वेळ थांबशील?"

"नाही. खूप आली."

ती उठली, की गाडी आत. चटई तुडवून, घराच्या सहा खिडक्या तुडवून आत. आणि एकदा आत गेलेली गाडी पुन्हा कधी निघाली असती, कुणास ठाऊक. मितू पाय एकमेकांत अडकवून नाचायला लागली होती. मघाशी जे बोललो ते बोलून चुकलो, हे शीतलला कळत होतं. तरी तिने फोन काढला.

"किरण, मितूला शू आलीय. मी उठले तर हे गाडी घालतील."

पलीकडून नुसतं 'हं' आलं.

"तुला भांडायचं नाहीय," ती म्हणाली. "एक शब्द बोलू नकोस. नुसतं येऊन बस."

किरणने फोन ठेवला. ती वाट बघत राहिली. मितू आता रडकुंडीला आली होती, आणि शीतलने उठायचं ठरवून तिचा हात धरलाही, तेव्हा जिन्यात चपला वाजल्या. किरण आला, चपला चटईच्या बाहेर काढल्या आणि शीतल जिथे होती तिथे जाऊन बसला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. पोह्यांचा डबा पुढ्यात ओढून घेतला.

शीतल मितूला कडेवर घेऊन धावली.

घरातलं उरकून ती गॅलरीत आली, तेव्हा चुरी गाडीतून उतरून किरणसमोर उभे होते, कमरेवर हात ठेवून. वाकून काहीतरी बोलत होते. वरून ऐकू येत नव्हतं. किरण मान खाली घालून पोहे चिवडत होता. शीतलच्या मनात आलं, गेला, आता हा उठणार. चुरी आणखी वाकले, आणखी काही बोलले. तेव्हा किरणने डबा बाजूला ठेवला. मान वर करून तो एकच वाक्य बोलला असावा, कारण ओठ हलले तेवढ्यात थांबलेही. मग त्याने आधी एक पाय लांब केला, मग दुसरा, मागे हात टेकले, आणि गावाकडे ओट्यावर बसावं तसा ऐसपैस बसला. या इमारतीत त्याला असं बसलेलं शीतलने कधी पाहिलं नव्हतं.

चुरींनी गाडीचं दार धाडकन लावलं. गाडी मागे गेली, वळली आणि गेटबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

शीतल खाली आली तेव्हा किरण तसाच पाय पसरून बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"किरण."

तो खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिला. "आधी म्हणाले, गैरसमज झालाय, मिटवू. तेव्हा मी उठणार होतो, खरं सांगतो. मग म्हणाले, तुमच्या लोकांना एकदा जागा दिली, की तुम्ही डोक्यावर बसता."

शीतलने त्याच्या हातातला खडू काढून घेतला.

"मी म्हटलं, काका, जागा तुम्ही दिलेली नाही. चिठ्ठीत निघाली." मग म्हणाला, "आवाज कापत होता माझा. त्यांना कळलं असेल."

"कळू दे," शीतल म्हणाली. "मघाशी मी सगळ्यांसमोर बोलले तुला. तसं नको होतं."

"नको होतं," किरण म्हणाला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही. पण लगेच विरघळलाही नाही. दुपारी तो तिच्याशी कामापुरतंच बोलला, आणि तिने ते सोसलं.

पण त्याआधी, तिथेच झाडाखाली, मितू म्हणाली की तिला आधाराची चाकं नकोत. किरण वरून पाना घेऊन आला आणि त्याने ती काढली. मितू दोनदा पडली, एकदा खांबाला धडकली, आणि तिसऱ्यांदा पिवळ्या रेषेच्या बाहेर पार गेटपर्यंत गेली. धोंडूमामा खुर्चीतून उठले. सगळ्यांना वाटलं, आता सायकल धरणार. त्यांनी गेटचं दार ओढून बंद केलं, पोर रस्त्यावर जाऊ नये म्हणून, आणि परत जाऊन बसले.

कमिटीचं पत्र आलं, यायचं तसंच. जागेचा वापर वाहन उभं करण्यासाठीच व्हावा. शीतलने खाली लिहून पाठवलं की वाहन उभंच आहे, येऊन पाहावं. मग सभा झाली. मितूला मांडीवर घेऊन शीतल सभेला बसली, आणि चुरी बोलत असताना मितू चिवड्याच्या पाकिटाचा चुरचुर आवाज करत राहिली. शीतलने तिला थांबवलं नाही. कुणीतरी म्हणालं, मुलांचा प्रश्न भावनेने सोडवता येत नाही. शीतल म्हणाली, "बरोबर आहे. जागेने सोडवता येतो. ज्यांना पाहिजे त्यांनी एकवीस नंबरवर यावं." ठराव कसलाच झाला नाही. बोर्ड निघाला नाही. सुलक्षणाकाकूंच्या हळदीकुंकवाचं बोलावणं त्या वर्षी सगळ्या मजल्यांवर गेलं, खिल्लाऱ्यांच्या दारावरून पुढे गेलं. खिल्लाऱ्यांच्या नळाचा वॉशर गेला, तेव्हा सोसायटीच्या प्लंबरला चार दिवस वेळ झाला नाही. शीतलने पाचव्या दिवशी तो स्वतः बसवला.

नमिता दोन रविवारांनी खाली आली. कृणालला पुढे ढकलून म्हणाली, "त्या दिवशी मी यायला पाहिजे होतं गं. आमचे सासरे आणि चुरीकाका, तुला माहितीय ना."

शीतलला बरंच काही बोलता आलं असतं. ती सरकली आणि चटईवर जागा केली.

मग आणखी पोरं आली. एका रविवारी तर त्या चौकोनात पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणी भोवरा आणला, कुणी बाहुल्या, कुणी नुसताच आवाज. किरण झाडाला टेकून पेपर वाचत होता. तेव्हा मधोमध एकदम कल्ला झाला.

मितू सायकल आडवी टाकून चौकोनाच्या तोंडाशी उभी होती, दोन्ही हात पसरून. "ही आमची जागा आहे," ती कृणालला सांगत होती. "आमच्या नावावर आहे. तू उठ. सगळे उठा."

कृणालचं तोंड वाकडं व्हायला लागलं. शीतल धावत गेली. "मितू, असं बोलायचं नाही. त्यांना खेळू दे."

"नाही."

"मितू, बाजूला हो."

"नाही," मितू म्हणाली, आणि फतकल मारून खाली बसली. गाल फुगवले, हाताची घडी घातली. अगदी मांडी ठोकून, हलणार नाही अशी. सगळी पोरं तिच्याकडे बघायला लागली, पोरांचे आईबाप शीतलकडे बघायला लागले. मागे किरणने पेपर तोंडासमोर धरला होता आणि पेपर हलत होता.

शीतलने दोनदा समजावलं, एकदा दटावलं. पोर ढिम्म हलली नाही. शेवटी तिने तिला काखेत उचललं, पाय झाडत आणि किंचाळत असलेली तशीच, आणि जिना चढायला लागली. पहिल्या मजल्यावर चुरींचं दार किलकिलं झालं.

"फार ओरडते हो तुमची मुलगी," चुरी म्हणाले.

"हो," शीतल धापा टाकत म्हणाली, आणि थांबली नाही.

वर आल्यावर मितू गॅलरीच्या गजांना धरून उभी राहिली. खाली तिच्या जागेत तिच्याशिवाय सगळी पोरं खेळत होती. कृणाल तिच्या सायकलवर बसला होता. किरण मागून सीट धरून त्याला ढकलत होता.

"तो माझी सायकल चालवतोय," मितू म्हणाली.

"चालवू दे."

मितूने बराच वेळ विचार केला. नाक पुसलं. "त्याला येत नाही," ती म्हणाली. "तो पडेल. मी दाखवते त्याला."

"मग जागा देशील सगळ्यांना?"

"बघू," मितू म्हणाली.

शीतल दाराशी जाऊन मितूच्या चपला शोधू लागली.